लघवीतलं व्हीएमए-एचव्हीए, रत्नागिरीत: नमुना द्या, आलेख घेऊ नका

न्यूरोब्लास्टोमाचे (लहान मुलांत चेतापेशींपासून होणारा कर्करोग) उपचार मुंबईला चालू आहेत आणि दोन केमोंच्या मधे पोर गावी आहे, अशा घरांसाठी हा अभिप्राय. या गाठीतून लघवीत उतरणारी व्हीएमए आणि एचव्हीए ही दोन द्रव्यं मोजायची तपासणी. रत्नागिरी शहरातल्या एका नमुना संकलन केंद्राचा. नाव मुद्दाम देत नाही. इथे घेतलेली लघवी रात्रीच्या बसने मुंबईच्या लॅबला जाते, म्हणजे एका डबीसाठी परळची वारी वाचते. तेवढ्यापुरतं केंद्र उपयोगाचं आहे.

नमुना घ्यायचा हात चांगला. लंगोटातल्या बाळाला चिकट पिशवी लावण्याआधी जागा धुऊन पूर्ण कोरडी करतात, तेल-पावडरचा लवलेशही ठेवत नाहीत. नाहीतर पिशवी कडेने गळते आणि पुन्हा पहिल्यापासून. आम्ल पिशवीत घालत नाहीत, कातडी भाजेल; लघवी डबीत ओतल्यावर थेंब थेंब टाकून पीएच पट्टीवर बघतात. डबी थंड आणि उजेडापासून दूर राहिली पाहिजे, त्यासाठी थर्मोकोलचा डबा आणि बर्फाच्या पिशव्या आहेत. पावसात लाइट गेली की फ्रीजचं काय, याचं उत्तर मात्र काउंटरवर मिळत नाही. म्हणून नमुना संध्याकाळी, डबा निघायच्या जरा आधी द्यावा, आणि शनिवारी देऊच नये. रविवारभर तो तिथेच पडून राहतो.

24 तासांचा कॅन लहान मुलांसाठी घेऊ नका. त्यात मोठ्या माणसाच्या हिशोबाने आम्ल आधीच भरलेलं असतं, आणि लंगोटातल्या पोराची दिवसभराची लघवी गोळा होते कुठे? एका वेळची लघवी आणि क्रिएटिनिनशी (लघवी किती दाट आहे ते दाखवणारं द्रव्य) काढलेलं प्रमाण पुरतं. पावतीवर व्हीएमए, एचव्हीए आणि क्रिएटिनिन हे तिन्ही शब्द आहेत ना, ते वाचूनच पैसे द्या. बोर्डावर फक्त व्हीएमए आहे. काही गाठी, विशेषतः अपरिपक्व पेशींच्या, एचव्हीएच जास्त सोडतात.

पथ्याचा कागद जुन्या काळातला. तीन दिवस केळी, चॉकलेट, व्हॅनिला बंद. खाली कोणीतरी पेनाने ‘आंबा’ही लिहून ठेवलाय! केमोने वजन उतरलेल्या पोराचं वेलची केळं कशाला काढून घ्यायचं? एचपीएलसी किंवा मास स्पेक्ट्रोमेट्रीने, म्हणजे द्रव्यं वेगळी करून नेमकी मोजायच्या पद्धतींनी, तपासणाऱ्या लॅबला या पथ्याची सहसा गरज नसते. विचारायला हवं ते सर्दीच्या औषधाबद्दल. स्यूडोएफेड्रिनसारख्या औषधांनी आकडा बिघडू शकतो, आणि एमआयबीजी स्कॅनमध्येही (या गाठीत साठणारं किरणोत्सारी औषध देऊन काढतात तो) ती आड येतात. कागदावर त्यांचा उल्लेखच नाही. पोर कुठलं औषध घेतंय ते आपणच लिहून द्या, पण ऑन्कॉलॉजिस्टला विचारल्याशिवाय एकही बंद करू नका.

खरी तक्रार रिपोर्टसोबत मिळणाऱ्या रंगीत आलेखाची. केंद्र कधी एका लॅबला नमुना पाठवतं, कधी दुसऱ्या. एकीचं एकक मिलिग्रॅम प्रति ग्रॅम क्रिएटिनिन, दुसरीचं मायक्रोमोल प्रति मिलिमोल. व्हीएमए पहिल्या एककात 20 असेल तर दुसऱ्यात तेच 11.4 होतं. आलेखात दोन्ही ठिपके एकाच रेघेत, म्हणजे गाठीत काडीचा फरक नसताना आकडा जवळजवळ निम्मा दिसतो आणि खाली हिरव्या अक्षरात ‘प्रतिसाद उत्तम’. वर संदर्भमर्यादा मोठ्यांची. वर्षाच्या आतल्या बाळाचं प्रमाण मुळातच मोठ्यांच्या काही पट असतं, त्यामुळे निरोगी बाळाच्या रिपोर्टवरही लाल ‘एच’ (हाय, म्हणजे जास्त) उमटेल.

आणि एकक बरोबर असलं तरी प्रतिसाद असा ठरत नाही. प्रतिसादाचे आंतरराष्ट्रीय निकष 2017 साली सुधारले, त्यातून लघवीचे आकडे वगळले गेले. पाहतात ते तीन ठिकाणी: मूळ गाठ, इतरत्र पसरलेला आजार आणि दोन्ही बाजूंनी काढलेला अस्थिमज्जेचा नमुना. एमआयबीजी स्कॅनवर क्युरी स्कोअर काढतात. सांगाड्याचे 9 भाग आणि मऊ ऊतींचा एक, प्रत्येकाला 0 ते 3, एकूण 30. हाय-रिस्क मुलांत सुरुवातीच्या केमोनंतर तो 2 च्या वर राहिला तर पुढची वाट अवघड मानतात. दहातली साधारण एक गाठ एमआयबीजी घेतच नाही, तिथे एफडीजी पेट (साखरेसारखं किरणोत्सारी द्रव्य देऊन काढलेला स्कॅन) लागतं. तितक्याच मुलांत लघवीचे आकडे पहिल्यापासून नॉर्मल असतात. त्यांच्यासाठी हा आलेख म्हणजे कोरा कागद. उलट, उपचारांनी पेशी परिपक्व झाल्या तर गाठ फारशी आकसत नाही, पण ते वाईटच असं नाही.

भवितव्याचा मोठा भाग निदानाच्या वेळीच कळतो: वय 18 महिन्यांच्या आत की पुढे, टप्पा एल1, एल2 (एकाच भागात), एम (पसरलेला) की एमएस (लहान बाळांतला खास प्रकारे पसरलेला), आणि गाठीत एमवायसीएन या जनुकाच्या प्रती वाढल्यात का. यातलं काहीही केंद्राच्या अर्जात विचारत नाहीत, तरी प्रतिसाद छापून देतात.

घ्यायचंच तर लॅबचा मूळ रिपोर्ट घ्या, एककासकट, आणि प्रत्येक वेळी एकाच लॅबचा हट्ट धरा. तसं अर्जावर लिहून दिलं तर ऐकतात. पाचपैकी तीन तारे. तिन्ही तारे पिशवी लावणाऱ्या ताईंचे.