वेगळा महोत्सव, की मुख्य दालनात जागा?

अल्पसंख्याक समाजांतल्या कलावंतांना मोठा प्रेक्षकवर्ग मिळवून द्यायचा, तर त्यांच्यासाठी वेगळा महोत्सव भरवावा की प्रस्थापित दालनांतच जागा मागावी? ब्रिटनमध्ये दोन्ही करून झालंय.

ब्रिटिश रॉक गायक पीटर गेब्रिएल आणि सहकाऱ्यांचा 'वोमॅड' हा जगभरच्या संगीताचा महोत्सव १९८२ साली पहिल्यांदा भरला. तिथे आफ्रिकेतल्या बुरुंडी देशाचे ढोलवादक 'इको अँड द बनीमेन' या रॉक बँडबरोबर वाजले. मला यातली खरी युक्ती हीच वाटते: लोक ओळखीच्या नावासाठी येतात आणि अनोळखी संगीत ऐकून जातात. पैशांच्या बाबतीत मात्र पहिलं वर्ष आपटलं. कर्ज फेडायला गेब्रिएल यांचा जुना बँड 'जेनेसिस' एका कार्यक्रमासाठी त्यांच्याबरोबर पुन्हा वाजला. असा मित्र प्रत्येक आयोजकाला कुठून मिळणार!

दुसरा मार्ग १९८९ मध्ये पाकिस्तानी वंशाचे ब्रिटिश कलावंत रशीद अराईन यांनी घेतला. लंडनच्या हेवर्ड गॅलरीत त्यांनी आफ्रिकी, कॅरिबियन आणि आशियाई वंशाच्या ब्रिटिश कलावंतांचं 'द अदर स्टोरी' हे प्रदर्शन मांडलं. गोव्यात जन्मलेले चित्रकार फ्रान्सिस न्यूटन सूझाही त्यात होते. प्रतिष्ठा मिळाली, कलेतिहासात नोंद झाली. पण भारतीय वंशाचे शिल्पकार अनिश कपूर यांनी सहभाग नाकारला. मुख्य दालनात शिरूनही वंशाची पाटी गळ्यात राहत असेल, तर हा नकार रास्तच.

गर्दी आणि उत्साह हवा, तर महोत्सव बरा. कलावंताचं नाव टिकायला हवं असेल, तर मी दालनाच्या बाजूने. फक्त पुढचं प्रदर्शन त्याचं एकट्याचं असावं.