तयार फळी की समोर चिरलेला ओंडका? बाहेरगावी सागवान घेताना

कामानिमित्त किंवा लग्नकार्याला विदर्भात गेलेला पुण्या-मुंबईचा माणूस परतताना थोडं सागवान न्यायचं म्हणतो, तेव्हा त्याच्यापुढे खरे पर्याय दोनच असतात. एक म्हणजे नागपूरच्या लकडगंजसारख्या बाजारातल्या वखारीतून चिरलेल्या फळ्या उचलायच्या. दुसरा म्हणजे पुढे चंद्रपूर-बल्लारशाहकडे जाऊन आरामशीनवर ओंडका निवडायचा आणि समोर चिरून घ्यायचा. गरज पाच ते पंधरा घनफुटांची, म्हणजे एखादं जेवणाचं टेबल, कपाट किंवा मुख्य दार, असं धरून लिहितो आहे. अख्ख्या बंगल्याचं काम असेल तर हिशेब वेगळा.

वनखात्याच्या सरकारी लाकूड-आगाराचा विचार पुष्कळांच्या डोक्यात असतो. बल्लारशाहचं सागवान २०२३ मध्ये अयोध्येच्या राममंदिरासाठी गेलं, हे सगळ्यांनी ऐकलेलं असतं. पण तिथे ई-लिलाव, त्यासाठी नोंदणी, बयाणा, अख्खा लॉट घेण्याची अट आणि मग उचल. प्रवासात असलेल्या माणसाला हे जमत नाही. लिलावाआधी लॉट बघायला मिळत असतील तर चक्कर मात्र जरूर मारावी. चांगला ओंडका कसा दिसतो ते एकदा डोळ्यांत बसलं की आरामशीनवर निवड सोपी जाते.

वखारीच्या बाजूने बोलण्यासारखं बरंच आहे. माल बहुधा वाळलेला असतो. रेषा, रंग, गाठी समोर दिसतात. बारा इंच रुंदीची फळी हवी तर शोधून मिळते, आणि सीपी (म्हणजे जुन्या मध्य प्रांताच्या, इकडच्याच) सागवानाशेजारीच घाना, इक्वेडोर, नायजेरियाचा आयात मालही असतो. (हे देशाचं नाव प्रतीची हमी नाही. लागवडीतलं, भरभर वाढलेलं झाड असेल तर वाढीची वलयं रुंद असतात आणि पांढरं, म्हणजे सालीलगतचं कच्चं लाकूड, जास्त निघतं. फळीचं टोक बघून ठरवावं.) महिनाभरात सुतार कामाला बसणार असेल, तर वाद न घालता वखारीतूनच घ्यावं.

माझं मन वखारीवरून उडालं ते मोजणीमुळे. फळी एक इंची म्हणून विकतात, टेप लावला की सात सूत भरते (आठ सुतांचा एक इंच). रुंदी पावणेसहा असली तरी बिलात सहा लागते. वेगवेगळं पाहिलं तर या गोष्टी किरकोळ वाटतात, पण त्यांचा गुणाकार होतो. सहा चौरस इंचांच्या छेदाचे पैसे द्यायचे आणि हातात पाच चौरस इंच. म्हणजे सहा घनफुटांच्या बिलात लाकूड पाच घनफूट, आणि तेही रंधा मारण्याआधी. कडेचं पांढरं त्याच दराने मोजलेलं असतं ते आणखी वेगळं. दुकानदाराला विचारलं तर ‘बाजाराची रीतच आहे’ म्हणतो, आणि ते खरंही आहे. सगळीकडे कमीअधिक हेच. पण रीत असल्यामुळे दोन वखारींच्या दरांची तुलनाच करता येत नाही. एकाचा दर कमी आणि सूत बारीक, दुसऱ्याचा दर चढा आणि माल भरीव. गावच्या बाजारात निदान महिन्याभराने पुन्हा जाऊन भांडता येतं, परगावी तेही नाही.

ओंडक्याच्या मोजणीत लपवायला जागा कमी. मध्यावरची गोलाई, म्हणजे घेर, इंचांत घ्यायची, तिला चारने भागायचं, त्या आकड्याचा वर्ग करायचा, त्याला फुटांतल्या लांबीने गुणायचं आणि १४४ ने भागायचं. सात फुटी ओंडका, गोलाई ३६ इंच: नऊचा वर्ग ८१, गुणिले सात, भागिले १४४, म्हणजे ३.९४ घनफूट. ओंडक्यात प्रत्यक्ष लाकूड साधारण पाच घनफूट असतं. या जुन्या सूत्रात चिराईची घट आधीच थोडी वजा केलेली आहे. त्यातून पांढरं, मधला गर (अगदी केंद्रातला मऊ भाग) आणि आऱ्याचा भुसा जाऊन कामाचा गाभा अडीच घनफुटांच्या आसपास मिळतो.

यावरून दराचा ढोबळ नियम निघतो. ओंडक्याचा घनफुटाचा दर वखारीतल्या फळीच्या दराच्या दोन-तृतीयांशाच्या आत असेल, तर चिराई धरूनही ओंडका परवडतो. त्याच्या वर गेला तर फळ्या घेऊन निघावं.

दोन ठिकाणी डोळ्यांत तेल घालून उभं राहावं लागतं. टेप मध्यावर, साल काढून लागतो आहे का ते पाहा. बुंध्याकडे लावला आणि तिथे गोलाई ४० भरली, तर तोच ओंडका ४.८६ घनफुटांचा होतो. दुसरी जागा ओंडक्याची पाठ. साल काढलेल्या अंगावर उन्हाने बारीक चिरा पडलेल्या असतात. त्या लांबीला समांतर धावत असतील तर रेषा सरळ आहे. त्या तिरक्या, ओंडक्याभोवती वळत गेल्या असतील, तर आत पीळ आहे आणि फळ्या वाळताना हमखास मुरडणार, मग रंग कितीही सुंदर असो. दोन्ही तोंडं पाहा. गर एका बाजूला सरकलेला असेल, मधे पोकळी असेल किंवा वलयांच्या बाजूने फट गेली असेल, तर तो ओंडका सोडा. पांढऱ्यात भुंग्याची भोकं असली तर घाबरू नये, ते तसंही काढायचंच असतं.

चिरताना पट्ट्याच्या आऱ्याचाच आग्रह धरावा. गोल आरा प्रत्येक कापाला जवळजवळ दुप्पट लाकूड खातो. एक इंच तयार जाडी हवी तर नऊ सूत चिरायला सांगावं. वाळताना थोडं आकसतं, रंध्यात थोडं जातं. गर असलेली मधली फळी उभी चिरून दोन भाग करावेत, नाहीतर ती स्वतःच फाटते.

या वाटेची खरी अडचण ओलाव्याची. सागवान सावकाश वाळतं. एक इंची फळीला घरी सहा महिने तरी धरावेत, कोकणात किंवा मुंबईत त्याहून जास्त. वजनाचाही प्रश्न येतो: वाळलेलं सागवान घनफुटाला १८-१९ किलो, ओलं पंचवीसच्या पुढे. गाडीच्या टपाला बहुधा ५० ते ७५ किलोंचीच मर्यादा असते, म्हणजे दोन-तीन घनफूट. बाकीचं ट्रान्सपोर्टने पाठवावं लागतं, तेव्हा ते भाडं दरात आधीच मिळवून तुलना करावी.

कागदपत्रांत मात्र दोन्ही वाटा सारख्याच. बिलावर लाकडाची जात, नगांची संख्या आणि घनफूट असायला हवं, आणि वाहतूक परवान्याचं काय ते माल गाडीत भरण्यापूर्वी विचारायचं. राज्याची हद्द ओलांडायची असेल तर आणखी काटेकोरपणे. वन तपासणी नाक्यावर ‘आरामशीनवाला म्हणाला चालेल’ याला काही किंमत नसते. लाकडावरचा हातोड्याचा ठसा (माल कायदेशीर असल्याची खूण) आणि त्याच्या नोंदी दाखवायला कुरकुर करणाऱ्याकडून स्वस्तातही घेऊ नये.

जुन्या वाड्यांचं लाकूड हा तिसरा पर्याय आहे. ते पुरेपूर वाळलेलं असतं आणि रंग काही औरच. पण आतले खिळे पात्याचं नुकसान करतात, म्हणून बरेच आरेवाले ते चिरायलाच तयार नसतात. जवळ धातुशोधक असेल तरच त्या वाटेला जावं.

कामाला निदान सहा महिने अवकाश असेल, वाळवायला सावलीची जागा असेल आणि गावात एक पूर्ण दिवस काढता येत असेल, तर मी ओंडक्याकडेच झुकेन. एकाच झाडाच्या सगळ्या फळ्या मिळतात, त्यामुळे टेबलाच्या माथ्याचा रंग एकसारखा येतो. वखारीच्या थप्पीतून असा संच जमवणं फार कठीण. घरी आल्यावर त्याच दिवशी फळ्यांच्या टोकांना मेण किंवा ऑइलपेंट लावा, म्हणजे टोकं आधी वाळून तडकत नाहीत. मग दीड-दीड फुटावर एक इंची कोरड्या पट्ट्या टाकून थप्पी रचा, प्रत्येक थरातली पट्टी खालच्या पट्टीच्या बरोबर वर येऊ द्या, आणि माथ्यावर वजन ठेवा.