शुक्रवारच्या कॉफीला दोन तारे, कराच्या टेबलाला पाच

अमेरिकेतल्या एका सरकारी विद्यापीठात पीएचडी करते, हे चौथं वर्ष. हा अभिप्राय इथल्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी संघटनेबद्दल आहे, आंतरराष्ट्रीय कार्यालयाबद्दल नाही. दोघांच्या पाट्या एकाच मजल्यावर असल्यामुळे नवा माणूस हमखास गल्लत करतो, मीही केली होती. कार्यालयात पगारी माणसं असतात. विद्यार्थी-व्हिसासाठी लागणाऱ्या आय-ट्वेंटी या कागदावर सही तीच करतात, आणि व्हिसावरच्या विद्यार्थ्यांची कायदेशीर स्थिती नोंदवणाऱ्या सरकारच्या सेविस प्रणालीतली आपली नोंदही त्यांच्याच हातात. समोरच्या खोलीतल्या संघटनेकडे सही नाही की शिक्का नाही. मोडका सोफा आहे आणि आळीपाळीने येऊन बसणारे विद्यार्थी आहेत.

पहिल्या वर्षी मी तिथे शुक्रवारच्या कॉफीला जायचे. छातीवर नावाची चिठ्ठी लावायची, भिंतीवरच्या नकाशात आपल्या देशावर टाचणी टोचायची, मग कुठून आलात, काय शिकता, थंडी सोसते का. पुढच्या शुक्रवारी तीच माणसं, तेच प्रश्न, कारण मागच्या वेळची उत्तरं कोणाच्याच लक्षात नसायची. फोटो मात्र छान यायचे आणि विद्यापीठाच्या माहितीपत्रकात छापूनही यायचे. चार आठवड्यांनी मी जाणं सोडलं. म्हणून दोन तारे, तेही बाहेर बर्फ पडत असताना खोली उबदार असायची म्हणून.

परत गेले ते मार्च २०२४मध्ये, नाइलाजाने. आदल्या उन्हाळ्यात एका कंपनीत सीपीटीवर, म्हणजे शिकता शिकता काम करायच्या परवानगीवर, इंटर्नशिप केली होती, ९,००० डॉलर मिळाले होते. वर्षभराचा पगार आणि कापलेला कर दाखवणारा डब्ल्यू-टू हातात पडला तेव्हा दिसलं की सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअर या निवृत्तिवेतनाच्या आणि आरोग्यविम्याच्या सरकारी योजनांपोटी ७.६५ टक्के, म्हणजे ६८८ डॉलर ५० सेंट कापलेत. एफ-वन व्हिसावरच्या विद्यार्थ्याला साधारण पहिली पाच कॅलेंडर वर्षं हा कर लागूच होत नाही. कंपनीला विचारलं तर म्हणे, सॉफ्टवेअरच कापतं. कार्यालयात गेले तर तिथल्या बाईंनी फार गोड शब्दांत सांगितलं, ‘कराबाबत आम्हाला सल्ला देता येत नाही.’ तसा नियम असेलही, पण मग जायचं कुठे? त्यांनी समोरच्या दाराकडे बोट दाखवलं.

दारामागे रांग होती. प्रत्येकाच्या हातात तेच कागद आणि चेहऱ्यावर तोच गोंधळ. टेबलावर रसायनशास्त्राचा एक नायजेरियन विद्यार्थी बसला होता. सरकारच्या ‘व्हिटा’ या मोफत करसाहाय्य योजनेचं प्रशिक्षण त्याने घेतलं होतं. त्याने माझे कागद पाहिले आणि पहिल्यांदा मलाच झापलं, की अमेरिकी नागरिकांसाठीच्या सॉफ्टवेअरमध्ये विवरणपत्र भरायला घेतलंस कसं, तुला १०४०-एनआर, म्हणजे अनिवासींचा फॉर्म, लागतो. मग कंपनीसाठी पत्राचा मसुदा करून दिला. त्यात कायद्याचं कलम घातलं, ३१२१ (बी) (१९). म्हणाला, ‘आधी कंपनीकडेच मागायचं. नाही म्हणाली तर फॉर्म ८४३ आणि ८३१६ भरून थेट आयआरएसकडे, म्हणजे कर खात्याकडे.’ सहा आठवड्यांनी कंपनीने गुपचूप पैसे परत केले. सॉफ्टवेअरला बहुधा कलम वाचता येत असावं.

जाता जाता त्याने आणखी एक सांगितलं, जे आपल्यातल्या पुष्कळांना माहीत नसतं. अनिवासी करदात्याला, म्हणजे आपल्यासारख्याला, एरवी स्टँडर्ड डिडक्शन मिळत नाही, पण भारत-अमेरिका कर करारातल्या २१व्या कलमामुळे भारतीय विद्यार्थ्यांना मिळतं. २०२३साठी ते १३,८५० डॉलर होतं. आणि वर्षभरात एक पैसाही कमावला नसला तरी आपण करापुरते अजून अनिवासी का, हे सांगणारा फॉर्म ८८४३ भरायचाच.

त्या रांगेत दीड तास उभी होते. माझ्या पुढे एक व्हिएतनामी मुलगी होती आणि मागे चिलीचा एक जण, बायकोचे कागद घेऊन आलेला. दोघंही आज माझे मित्र आहेत. चार आठवड्यांच्या कॉफीत एक मैत्री जमली नव्हती.

आता विद्यापीठाशी भांडण्याबद्दल. नाताळच्या सुट्टीत वसतिगृहं बंद व्हायची. स्थानिक मुलं घरी जातात, आम्ही कुठे जाणार? संघटनेने घोषणा दिल्या नाहीत. आदल्या सुट्टीत कोण कुठे झोपलं याच्या हकिकती नावं गाळून गोळा केल्या. एक जण प्रयोगशाळेतल्या खुर्चीवर झोपला होता. मग विद्यार्थी सिनेटमधल्या एका अमेरिकी मुलीला त्या वाचायला लावल्या, कारण व्हिसावरची मुलं पुढे यायला बिचकतात आणि ते बिचकणं खोटं नाही. दोन इमारती उघड्या राहिल्या. रोजचं भाडं वेगळं द्यावं लागतं, पण डोक्यावर छप्पर असतं. दर सत्राला आकारल्या जाणाऱ्या आंतरराष्ट्रीय शुल्काविरुद्ध मात्र हरलो. समिती नेमली, दोन बैठका झाल्या आणि तोंडाला पानं पुसली गेली.

खरी परीक्षा एप्रिल २०२५मध्ये झाली. देशभरात हजारो विद्यार्थ्यांच्या सेविस नोंदी अचानक रद्द झाल्या, अनेक ठिकाणी तर विद्यापीठालाही कळवलं नव्हतं. आमच्या कार्यालयाकडून ‘परिस्थितीवर लक्ष ठेवून आहोत’ असा ईमेल आला, पाचव्या दिवशी. संघटनेने पहिल्याच रात्री एक इमिग्रेशन वकील गाठून ऑनलाइन बैठक घेतली. आय-ट्वेंटी आणि आय-९४ या देशात आल्याच्या नोंदीच्या प्रती काढून ठेवा, देशाबाहेर जाऊ नका, घाबरून शिक्षण सोडू नका, असं साधंच सांगितलं. पण ते सांगणारा आवाज माणसाचा होता. २५ तारखेला सरकारने कोर्टात नोंदी पूर्ववत करत असल्याचं सांगितलं तेव्हा मोडक्या सोफ्यावर आम्ही अकरा जण दाटीवाटीने बसलो होतो. कोणी काही बोललं नाही.

तक्रारीही आहेत. पदाधिकारी दरवर्षी बदलतात आणि आधीच्यांचं शहाणपण त्यांच्याबरोबर निघून जातं. दोन वर्षांचं मास्टर्स करणाऱ्याला काम कळेपर्यंत पदवीदान येतं. आम्ही भारतीय संख्येने जास्त, त्यामुळे बैठक बघता बघता हिंदीत जाते आणि एखादी एकटी मंगोलियन मुलगी फोन बघत बसते. यात मीही दोषी आहे. व्हॉट्सअॅप गटावर तर डोळे मिटून विश्वास ठेवू नका. पत्ता बदलला तर कळवायला ३० दिवस असतात असं एकाने ठोकून दिलं होतं. असतात १०. एखादा विषय सोडून क्रेडिट कमी करायचे असतील तर गटाला विचारूच नका, आधी कार्यालयाची परवानगी घ्या. ते काम त्यांचं आहे आणि ते ते नीट करतात.

कराचं टेबल फेब्रुवारी ते १५ एप्रिल, दर मंगळवारी संध्याकाळी असतं. नायजेरियन दादा पदवी घेऊन गेला, यंदा त्याच्या खुर्चीवर मी आहे. पासपोर्ट, आय-९४ आणि सगळे डब्ल्यू-टू घेऊन या. चुकीच्या सॉफ्टवेअरमध्ये भरून आधीच पाठवून बसला असाल तर तेही सांगा, लपवू नका. दुरुस्त करता येतं. झापेन मात्र नक्की.