माहुलीच्या आदल्या दिवशी: टिटवाळा, अंबरनाथ की पायथ्याचं गाव?

ग्रुप ठाण्याचा, रविवारी पहाटे आसनगावजवळचा माहुली किल्ला चढायचा आणि शनिवार अख्खा मोकळा. अशा वेळी तीन बेत समोर येतात.

टिटवाळा सगळ्यात सोपा. कसारा लोकलने वाटेत उतरा, रिक्षाने देवळात जा, दर्शन घ्या आणि पुढची लोकल पकडा; खडवली, वासिंद, मग आसनगाव. घरची वडीलधारी मंडळी सोबत असतील, तर हेच बरं. फक्त संकष्टी असेल तर टाळा. पाठीवर सॅक घेऊन त्या रांगेत सगळ्यांचेच हाल होतात.

अंबरनाथला मात्र वाकडी वाट करावी लागते, कारण ते कर्जत लाईनवर. परत कल्याणला येऊन गाडी बदलायची. तरीही शिवमंदिर पाहिलं नसेल, तर हा खटाटोप कराच. इथला शिलालेख शके ९८२चा, म्हणजे इ.स. १०६०चा, शिलाहार राजांच्या काळातला. लोक सरसकट हेमाडपंती म्हणतात, पण ज्याच्यावरून ते नाव पडलं तो हेमाद्री पंडित झाला त्यानंतर दोनशे वर्षांनी; मंदिराची शैली भूमिज आहे, म्हणजे शिखरावर छोट्या शिखरांच्या रांगा रचलेली. गाभाऱ्यात जायला पायऱ्या उतराव्या लागतात. बाहेरच्या भिंतींवरच्या मूर्ती पाहताना दोन तास कुठे जातात कळत नाही. सह्याद्रीच्या काळ्या दगडाचं माणसाच्या हाताने काय झालं ते इथे बघावं, म्हणजे दुसऱ्या दिवशी माहुलीचे कडे वेगळेच दिसतात. निघा मात्र सकाळी लवकर. आम्ही एकदा दुपारी गेलो, मूर्तींत रमलो आणि पायथ्याला पोचलो तेव्हा जेवण गार झालं होतं. रांधणारी माऊली आमच्यासाठी जागी होती. अजून वाईट वाटतं.

तिसरा बेत म्हणजे दुपारीच आसनगावहून माहुली गाव गाठायचं. शहापूर तालुक्यात ठाकूर, कातकरी, वारली यांचे पाडे आहेत. घरं आता बरीचशी विटांची झाली, पण कुठे कुठे कारवी या रानझुडपाच्या काठ्यांचा, शेणामातीने सारवलेला कूड, म्हणजे भिंत, अजून दिसतो. सकाळी गडाच्या वाटेवर तीच कारवी दुतर्फा उभी असते. आदल्या दिवशी कूड पाहिलेला नवखा ट्रेकर ती चटकन ओळखतो. जेवण आधीच सांगून ठेवा, पैसे ठरल्याप्रमाणे द्या आणि न विचारता कुणाच्या ओटीचे, चुलीचे फोटो काढू नका. तिथे माणसं राहतात.

नवख्यांचा ग्रुप असेल, तर मी डोळे झाकून गाव सुचवेन. रात्रीची झोप होते आणि उन्हाच्या आधी चढाईला लागता येतं; वरच्या लोखंडी शिडीपाशी गर्दी जमायच्या आत पोचलं की नवखी पोरं घाबरत नाहीत. सरावलेले पाच-सहा जणच असाल, तर सकाळी अंबरनाथ आणि संध्याकाळी माहुली गाव, दोन्ही जमतं. कल्याणहून दुपारची कसारा लोकल मात्र चुकवू नका.