वाइनचं मेनूकार्ड टॅबवर: १० महिन्यांच्या वापरानंतर

क्वार्टर मागणाऱ्या गिऱ्हाइकाला टॅबचा काडीचा उपयोग नाही, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. त्याचा ब्रँड ठरलेला असतो. खुर्ची ओढता ओढताच तो "दोन सिक्स्टी, सोडा, चकना" सांगून मोकळा होतो. पुढ्यात टॅब ठेवला तर त्यावर क्रिकेटचा स्कोअर दिसतो का ते बघतो. म्हणून परमिट रूममधले टॅब दुसऱ्याच महिन्यात उचलले आणि सगळे ६ टॅब फॅमिली सेक्शन आणि गार्डनकडे दिले. संभाजीनगरला जालना रोडवरच्या या हॉटेलात तिकडे १४ टेबलं आहेत, तेवढे टॅब पुरतात.

फायदा झाला तो ग्लासने जाणाऱ्या वाइनला. ७५० मिलीच्या बाटलीत १५० मिलीचे ५ ग्लास. त्यातले २ गेले आणि ३ उरले की धाकधूक सुरू: व्हॅक्यूमचं बूच लावून फ्रिजमध्ये ठेवली तर व्हाइट २-३ दिवस टिकते, रेड फार तर एखादा दिवस जास्त. कुठली बाटली उघडी आहे ते छापील कार्डाला कळत नाही. टॅबवर मात्र बारमन बाटली उघडतानाच ती ‘आज ग्लासने’ या पहिल्या पानावर चढवतो आणि शेवटचा ग्लास गेला की उतरवतो. सिंकमध्ये ओतली जाणारी वाइन कमी झाली ती यामुळे. बाटल्यांच्या चकचकीत फोटोंचा त्यात काही वाटा नाही. उलट फोटो २०० केबीच्या वर गेले की पान उघडायला वेळ लागतो आणि माणूस वेटरलाच हाक मारतो.

वर्णनं कंपनीच्या माहितीपत्रकातून उचलू नका. ‘ओकचा गंध’ वाचून नान-कलिया मागवणाऱ्याला काय कळणार? कशासोबत काय चालेल ते लिहा. टॅनिन (तोंड कोरडं करणारा तुरटपणा) जास्त असलेली शिराझ ही रेड वाइन येसर मसाला घातलेल्या तिखट मटणासोबत तोंड आणखी जाळते. किंचित गोडसर शेनिन ब्लांक ही व्हाइट वाइन तेच तिखट निववते. दुसरी ओळ तापमानाची हवी. रेड ‘रूम टेम्परेचर’ला द्यावी, हा नियम थंड मुलखातला. इथली मे महिन्यातली खोली ३५ अंशांच्या पुढे असते आणि रेडला १६ ते १८ अंश लागतात, म्हणजे बाटली बर्फ-पाण्याच्या बादलीत साधारण १५ मिनिटं. ही ओळ टाकल्यावर ‘रेड गार का आणली?’ हा वाद बंद झाला.

२०२५ सारखी उत्पादन शुल्काची वाढ आली की छापील कार्डांवर दरांच्या चिकट्या लावत बसावं लागतं, टॅबवर अर्ध्या तासात दर बदलतात. पण कराची मांडणी आधी तपासा. कॅफेसाठी बनवलेली ॲप सरसकट सगळ्यावर जीएसटी लावतात. मद्य जीएसटीत नाही; त्यावर राज्याचा व्हॅट लागतो, महाराष्ट्रातल्या परमिट रूममध्ये तो १ नोव्हेंबर २०२३ पासून १० टक्के झाला. जेवण आणि दारूचे दोन वेगळे गट करता येत नसतील तर ते ॲप घेऊच नका.

टॅबवरून थेट ऑर्डर देण्याची सोय बंद करून टाकली. टेबलावरचा एक जण बटण दाबतो, दुसरा वेटरला "रिपीट" सांगतो, आणि काउंटरवर दोन पेग ओतले जातात. ओतलेला पेग बाटलीत परत जात नाही आणि संध्याकाळी साठ्याची नोंदवही जुळत नाही.

यंत्राचं म्हणाल तर खरा शत्रू ऊन. गार्डनमध्ये संध्याकाळी सहाच्या आधी टॅब काढला की तापून स्क्रीन आपोआप मंद होते, कधी बंदच पडतो. काउंटरमागे फ्रिजच्या गरम हवेत रात्रभर चार्जिंगला लावलेल्यांपैकी एकाची बॅटरी फुगली, मागचं झाकण उचललं गेलं. आता दुपारी, पंख्याखाली, ८० टक्क्यांपर्यंतच चार्जिंग. एकाचं चार्जिंगचं पिन-भोक धुळीने सैल झालं. भोकात कायम राहणारी, वायर चुंबकाने चिकटणारी मॅग्नेटची पिन आधीच लावली असती तर वाचलं असतं. काच पुसायला ७० टक्के आयसोप्रोपिल, तेही कापडावर घेऊन. थेट फवारलं की कडेने आत जातं. रश्शाची बोटं लागलेली स्क्रीन नीट चालत नाही, त्यामुळे टॅब जेवण येण्याआधीच उचलायचा, ही सवय वेटरला लावावी लागते.

लाइट गेली की टॅब चालू राहतो, पण राउटर बसतो. राउटर इन्व्हर्टरवर घ्या आणि मेनूची प्रत टॅबमध्येच साठवणारं ॲप बघा. एकाच ॲपला कुलूप घालणारा कियॉस्क मोड हवाच, नाहीतर पोरं यूट्यूब लावतात.

आठ जणांच्या टेबलावर एक टॅब हातोहात फिरतो आणि बाकीचे सात जण ताटकळतात. तिथे अजून छापील कार्डच देतो, ४ प्रती ठेवल्या आहेत. त्यांवर दर छापलेले नाहीत, पेन्सिलने लिहिले आहेत.