सापाच्या वजनात उंदीर विकले गेले : सोलापुरातील एका फसवणुकीचा अनुभव

मी सोलापुरात जुळे सोलापूर भागात राहते आणि एका माध्यमिक शाळेत शिकवते. मार्च २०२५ मध्ये आमच्या घरात एक बॉल पायथन, म्हणजे लहान जातीचा परदेशी अजगर, आला आणि जेमतेम महिनाभरात तो गेला. त्या काळात आमची ३१,३०० रुपयांची फसवणूक झाली. पैशांपेक्षा त्या मुक्या जिवाचे हाल मनाला अधिक लागले आहेत. विकणाऱ्याने आम्हाला नुसता आजारी साप विकला नाही, तर त्याचा आजार ओळखूच येऊ नये अशी चुकीची माहितीही सोबत दिली, आणि मुख्यतः त्या माहितीविषयी मला इतरांना सावध करायचे आहे.

माझा मुलगा बारावीत आहे आणि लहानपणापासून त्याला सापांची ओढ आहे. आपल्याकडचे नाग, धामण, अजगर, मांडूळ यांपैकी कोणताही साप घरात ठेवणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार गुन्हा आहे, हे त्याला पक्के ठाऊक होते. म्हणून पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतील बिनविषारी बॉल पायथन पाळण्याची परवानगी त्याने मागितली. दहावीला मिळालेल्या बक्षिसाचे पैसे त्याने साठवले होते, उरलेले आम्ही घातले. ओळखीतून एका विक्रेत्याचा नंबर मिळाला. रविवार, ९ मार्च रोजी होटगी रस्त्यावरील एका भाड्याच्या खोलीत त्याने आम्हाला चार डबे दाखवले. सापाचे २२,००० आणि काचेची पेटी, दिवा व वाळू यांचे ४,५०० रुपये ठरले. त्याने आमच्यासमोर साप वजनकाट्यावर ठेवला, तेव्हा काट्यावर ३४० ग्रॅम आले. “ताई, वजन बघा, पोट बघा. खाणारा साप आहे, उगाच हाडांचा सापळा देत नाही मी,” असे तो म्हणाला. पोट खरोखरच भरलेले दिसत होते. अंगही चकाकत होते. त्या चकाकीला खोबरेल तेलाचा वास येत होता, हे मला घरी येऊन हात धुताना कळले. तरीही त्या वेळी मी त्याचा अर्थ लावला नाही.

त्याने पेटीसोबत एक छापील मराठी पत्रक दिले होते. ते मी आजही जपून ठेवले आहे. दिवा दिवसरात्र चालू ठेवावा, तळाला कोरडी वाळू घालावी, पाणी आठवड्यातून एकदाच आणि झाकणभर द्यावे, कारण या सापाला लागणारे पाणी त्याच्या भक्ष्यातूनच मिळते, असे त्यात लिहिले होते. आम्ही ते अक्षरशः पाळले. घरी आल्यावर स्वयंपाकघरातील काट्यावर वजन केले तेव्हा ३३८ ग्रॅम भरले आणि आम्ही निर्धास्त झालो.

तिसऱ्या दिवशी, १२ मार्चच्या रात्री, सापाने पोटातले सगळे बाहेर टाकले. तो वास मी विसरू शकत नाही. वाळूवर दोन मोठे उंदीर पडले होते. त्यांचे केस निघून कातडी पांढुरकी झाली होती, परंतु शेपट्या, पाय आणि कान जसेच्या तसे होते. मुलाने हातमोजे घालून ते कागदावर उचलले आणि काट्यावर ठेवले. दोन्ही मिळून ५८ ग्रॅम भरले. सापाचे वजन केले तर २७६. एवढ्याशा सापाला एका वेळी आपल्या वजनाच्या दहा ते पंधरा टक्के भक्ष्य पुरते. येथे आम्हाला दाखवण्यापूर्वी बहुधा त्याच्या घशात एकामागून एक दोन मेलेले उंदीर कोंबले गेले होते. ज्या भरलेल्या पोटाला भुलून आम्ही पैसे मोजले, ते आरोग्याचे लक्षण नव्हतेच.

मी विक्रेत्याला फोन केला. तो जराही गडबडला नाही. प्रवासाने असे होते, पचन मंदावले आहे, मी पाचक थेंब आणि शक्तीची पावडर पाठवतो, चार दिवसांनी पुन्हा खायला द्या, असे त्याने सांगितले. थेंबांचे १,६०० आणि पावडरीचे १,२०० रुपये घेतले. हा सल्ला किती घातक होता, हे नंतर पुण्याच्या पशुवैद्यांनी समजावून सांगितले. साप भक्ष्य बाहेर टाकतो तेव्हा त्यासोबत जठरातले आम्ल आणि अंगातले पाणीही जाते, अन्ननलिका पोळते. त्यानंतर किमान दहा ते चौदा दिवस त्याला काहीही खायला द्यायचे नसते, फक्त स्वच्छ पाणी आणि शांतता द्यायची असते, आणि मग पहिले भक्ष्य नेहमीपेक्षा बरेच लहान द्यायचे असते. आम्ही १६ तारखेला खाऊ घातले आणि १८ तारखेला त्याने पुन्हा सगळे टाकले.

यानंतर विक्रेत्याने एका ‘सरीसृपतज्ज्ञ डॉक्टरां’चा नंबर दिला. फोनवरील सल्ल्याचे २,००० रुपये आधी पाठवायचे होते. त्या डॉक्टरांनी न पाहताच निदान केले, सापाला पाण्यात अजिबात ठेवू नका, न्यूमोनिया होईल, असे बजावले आणि आणखी थेंब घेण्यास सांगितले. त्या वेळी मी घाईत पैसे पाठवले. दोन दिवसांनी बँकेचे व्यवहार तपासताना माझ्या लक्षात आले की, साप, औषधे आणि डॉक्टर या तिन्हींचे पैसे एकाच नावाच्या खात्यात गेले होते. रक्कम पाठवण्यापूर्वी पडद्यावर नाव दिसतेच. ते वाचण्याची सवय मला नव्हती, आता लागली आहे.

औषधाची बाटली दोन मिनिटे कोमट पाण्यात ठेवली, तेव्हा वरचे लेबल सुटून आले. खाली जुन्या छापील लेबलाचा अर्धा तुकडा चिकटलेला होता आणि त्यावर ‘१ ते ६ महिने’, ‘६ ते १२ महिने’ असा मात्रेचा तक्ता होता. तान्ह्या बाळांना पोटदुखीसाठी देतात ते बडीशेपेच्या वासाचे पाणी आम्ही सापाच्या तोंडात थेंबाथेंबाने घालत होतो. पावडर तर संत्र्याच्या स्वादाचे ग्लुकोज होते.

पत्रकाचे कोडे मुलाने सोडवले. एका संध्याकाळी तो शेवटची ओळ पुन्हा पुन्हा वाचत होता. त्या ओळीत लिहिले होते, “शेपटीचा खुळखुळा वाजू लागल्यास पेटी हलवू नये.” त्याने विचारले, “आई, याच्या शेपटीला वाजण्यासारखं आहे काय?” बॉल पायथनच्या शेपटीला खुळखुळा नसतो. तो असतो रॅटलस्नेकला, म्हणजे फक्त अमेरिका खंडांत आढळणाऱ्या विषारी सापाला, ज्याच्या शेपटीवर प्रत्येक वेळी कात टाकताना कठीण कड्यांची भर पडते. वाळवंटी रॅटलस्नेकविषयीचे कुठले तरी परदेशी टिपण विक्रेत्याने भाषांतरित करून घेतले होते, सापाचे नाव बदलले होते आणि शेवटची ओळ काढायची विसरला होता.

त्याहून वाईट म्हणजे त्या टिपणातला पाण्याचा सल्ला रॅटलस्नेकच्या बाबतीतही खोटाच आहे. अॅरिझोनाच्या वाळवंटातले रॅटलस्नेक पाऊस पडू लागला की बिळाबाहेर येऊन अंगाचे वेटोळे पसरट करतात आणि स्वतःच्या पाठीवर साचलेले थेंब पितात. तहानलेल्या रॅटलस्नेकला नुसते भक्ष्य दिल्याने त्याच्या शरीरातील पाण्याची तूट भरून निघत नाही, त्याला प्यावेच लागते, असे तेथील शास्त्रज्ञांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दाखवून दिले आहे. वाळवंटात जन्मलेल्या सापाची ही कथा, तर दमट प्रदेशातल्या बॉल पायथनची काय गत होणार! त्याला साधारण ५५ ते ७० टक्के आर्द्रता लागते, पेटीच्या एका टोकाला ३१-३२ अंश आणि दुसऱ्या टोकाला २६ अंशांच्या आसपास तापमान लागते, आणि अंग बुडवून बसता येईल एवढे पाण्याचे भांडे कायम लागते. आमच्या पेटीत हायग्रोमीटर ठेवला तेव्हा मार्चमधल्या सोलापूरच्या दुपारी १९ टक्के आर्द्रता होती आणि दिव्याखाली ३८ अंश तापमान होते. आपण जिथे माठाला ओले फडके गुंडाळतो, तिथे त्या जिवाला आम्ही कोरड्या वाळूवर भाजत ठेवले होते.

२३ मार्चला आमच्या ओळखीचे एक सर्पमित्र घरी आले. त्यांनी सापाला हातात घेतले आणि कुशीवरची कातडी चिमटीत धरून सोडली. ती लगेच बसली नाही, घडी तशीच उभी राहिली. डोळ्यांवर खळगे होते, जुन्या कातीचे दोन पापुद्रे तिथे अडकलेले होते. तोंड उघडले तेव्हा लाळेच्या चिकट तारा निघाल्या. खवल्यांच्या कडेला बारीक काळे ठिपके हलत होते, त्या गोचिडी होत्या, आणि तेलाचा थर बहुधा त्या व अडकलेली कात झाकण्यासाठीच दिला होता. “वहिनी, हा साप तुमच्याकडे येण्याआधीपासूनच तहानलेला आहे,” ते म्हणाले. मग त्यांनी वाळूत पडलेला एक खडा उचलून दाखवला. तो खडा नव्हता. निरोगी सापाच्या विष्ठेसोबत मऊ, पांढरा, खडूच्या ओल्या भुकटीसारखा भाग पडतो, कारण साप आपल्यासारखे पातळ मूत्र टाकत नाहीत, पाणी वाचवण्यासाठी यूरिक आम्ल घट्ट स्वरूपात बाहेर टाकतात. हा मात्र गर्द पिवळा आणि नखाने न फुटणारा होता. साप घेण्यापूर्वी त्याची विष्ठा पाहायला मागा, असे मी आता आवर्जून सांगते. ऐकणाऱ्याला ते विचित्र वाटते, पण तेल चोपडून आणि उंदीर कोंबून ती गोष्ट लपवता येत नाही.

२५ तारखेला आम्ही साप कापडी पिशवीत आणि थर्माकोलच्या पेटीत घालून मोटारीने पुण्याला नेला. क्ष-किरण चित्रात आतड्यात वाळू दिसत होती. अजगर खातो तेव्हा त्याचे आतडे, यकृत, हृदयही काही दिवसांपुरते मोठे होते. एवढ्या मोठ्या कामाला ऊब आणि पाणी दोन्ही लागते, आणि पाण्यावाचून कोरड्या पडलेल्या आतड्यातून वाळू पुढे सरकत नाही, असे पशुवैद्यांनी सांगितले. त्यांनी कातडीखाली सलाइन दिले, रोज वीस मिनिटे कोमट पाण्यात ठेवले, खाणे पूर्ण बंद ठेवले.

त्यांनीच सापाची कागदपत्रे मागितली आणि फसवणुकीचा आणखी एक पदर उलगडला. विक्रेत्याने दिलेल्या कागदावर शिक्का आणि नोंदणी क्रमांक होता. वन्यजीव संरक्षण कायद्यातील २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाल्यानंतर बॉल पायथन कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत येतो आणि २०२४ च्या नियमांप्रमाणे त्याची नोंद ‘परिवेश २.०’ या सरकारी संकेतस्थळावर करावी लागते. हस्तांतरणही कळवावे लागते. मी स्वतः वन विभागाच्या कार्यालयात गेले, सर्व हकीकत लेखी दिली. तो क्रमांक नोंदींमध्ये नव्हता. अधिकाऱ्यांनी माझा जबाब शांतपणे घेतला आणि साप उपचारांखाली असल्याने तो पशुवैद्यांकडेच राहू दिला. माझ्यासारख्या पगारदार बाईला त्या खुर्चीत बसून ‘मी फसवले गेले’ हे सिद्ध करत बसणे किती जड गेले, हे येथे सविस्तर लिहीत नाही. नोंदणीच्या कागदावर विकणाऱ्याचेच नाव आहे का, हे पैसे देण्याआधी पाहिले असते तर ती वेळ आली नसती.

११ एप्रिलला साप गेला. शवविच्छेदनाच्या वेळी मुलगा हट्टाने तेथे थांबला. मूत्रपिंडांवर आणि हृदयाच्या आवरणावर पांढरे, चुन्यासारखे थर होते. दीर्घकाळ पाणी न मिळाल्याने यूरिक आम्ल शरीरातच साचून राहिले होते. एवढे थर महिन्याभरात साचत नाहीत, असे पशुवैद्यांचे लेखी मत आहे. आमचीही चूक आहेच, ते पत्रक आम्ही डोळे झाकून पाळले, पण त्या अहवालामुळे मुलाच्या मनावरचे ओझे थोडे उतरले.

पैशांची तक्रार मी १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर नोंदवली आहे आणि जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज करण्यासाठी बाटली, दोन्ही लेबले, पत्रक, काट्यावरच्या वजनांची छायाचित्रे आणि बँकेचे उतारे एकत्र केले आहेत. पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणांना तेथे शुल्क नाही आणि घटनेपासून दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. विक्रेत्याचा जुना नंबर बंद आहे.

गेल्या आठवड्यात शाळेतील एक पालक मला भेटायला आले. त्यांच्या भाच्याने बार्शीत एका माणसाकडे बॉल पायथन पाहिला आहे, अंग छान चकाकते, वजन ४१० ग्रॅम आहे, पोट भरलेले आहे आणि सोबत मराठीत छापलेले पत्रकही मिळते, असे ते उत्साहाने सांगत होते. मी त्यांना माझ्याकडच्या पत्रकाची शेवटची ओळ वाचायला दिली. मग भाच्याला फोन लावायला सांगितला आणि विचारले की, त्या सापाचे वजन खायला घालण्याआधी केले होते की नंतर.