जागलीचं मचाण: झाडावर की चार बल्ल्यांवर?

हरभरा घाट्यावर आला की आमच्या चंद्रपूरकडे रोज रात्री वावरात कोणी ना कोणी जागलीला, म्हणजे पिकाच्या राखणीला, निजायला जातंच. डुकरांचा कळप शिरला तर सकाळी वावर वखरल्यासारखं दिसतं. खाली निजायची सोय नाही, म्हणून मचाण. ते धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, झाडात बांधावं की बल्ल्या (लाकडी खांब) गाडून, हे यंदा ज्यांना ठरवायचंय त्यांच्यासाठी हे लिहितोय. मी सहा हंगाम झाडावर काढले, बल्ल्यांवरचा हा तिसरा.

झाडावरचं मचाण स्वस्तात होतं, दव कमी लागतं आणि डोक्यावर जाड फांदी मिळते. ती फांदी मोलाची, कारण दोर डोक्याच्या वर बांधलेला असेल तरच पडताना सावरतो. कमरेला नुसता कासरा गुंडाळून निजू नका. घसरलात तर सगळा भार पोटावर येऊन श्वास कोंडतो. बांधकामावर वापरतात तो खांदे, छाती आणि मांड्यांतून जाणारा पट्टा घ्या. झाड मात्र मोहाचं नको. फुलं गळायला लागली की अस्वल येतं, आणि त्याला चढता येतं. बिबट्याला तर कुठलंही झाड चालतं.

मग मी झाड का सोडलं? एका पावलापायी. शिडी खोडाला टेकलेली, फळ्या बाजूच्या बेचक्यात. त्यामुळे शेवटच्या पायरीवरून फळीवर जाताना एक पाय अधांतरी. संध्याकाळी उजेडात जमतं. पण रात्री दोनला लघवीला उतरायचं म्हणजे डोळ्यांत झोप, तोंडात बॅटरी, पायरी दवानं ओली, आणि पाय शिडी चाचपतोय. पट्टा नेमका तेव्हाच सोडलेला असतो. दोनदा फांदीला लोंबकळून वाचलो. शेवटी संध्याकाळनंतर पाणी पिणंच बंद केलं होतं. याला काय जागल म्हणायचं?

बल्ल्यांवर ही कटकट नाही. शिडीचे दांडे फळीच्या वर तीन फूट काढले की हात सुटत नाही. थंडी मात्र बोचते, आणि तिरपे आडवे ठोकले नाहीत तर वाऱ्यावर सगळं डुलतं. उधळी, म्हणजे वाळवी, जमिनीलगत बल्ली आतून पोखरते, वरून पत्ता लागत नाही. गाडायचं टोक मी जाळून घेतलं, जळकं ऑइल लावलं. तरी दर दिवाळीनंतर पहारीनं ठोकून आवाज ऐकतो. दोर बांधायला मागच्या दोन बल्ल्या पाच फूट जास्त उंच ठेवल्या, त्यांच्यावरच छप्परही टेकवलं. उंची दहा फूट पुरते. विजा कडाडल्या तर दोन्हींवरून उतरायचं, आणि झाडाखाली न थांबता घर गाठायचं.

धुऱ्यावर दमदार कडुनिंब आणि जागलीला तरणं पोर असेल, तर झाडाला मी नाही म्हणणार नाही. माझी पन्नाशी उलटली. आता थर्मास भरून चहा नेतो. आधी आपण चढायचं, मग तो दोरानं वर ओढायचा.